बरे झाल्यानंतरचे तीन आठवडे

श्रावण नुकताच लागला होता. खाली धान्याची आडत आणि वर बिऱ्हाड, अशा जुन्या पेठेतील एका घरात आठ वर्षांच्या नातवाला ताप भरला. घसा दुखत होता, घोट गिळवत नव्हता. डॉक्टरांनी घसा पाहून दहा दिवसांचे औषध लिहून दिले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मुलगा शाळेत जाऊ लागला आणि औषधाची अर्धी बाटली फ्रिजमध्ये मागे सरकली. ताप कधी आला होता, हेही आठवडाभरात घर विसरून गेले.

बाराव्या दिवशी सकाळी मुलगा उठला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले दिसले. रात्री डास चावला असेल, असे एकाने म्हटले. डोळ्यांत घालायचे थेंब औषधाच्या दुकानातून आले. दुपारपर्यंत सूज ओसरली, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळाच चेहरा भरल्यासारखा दिसत होता. शाळेतून आल्यावर मोजे काढले तर पायावर इलॅस्टिकची खोल खूण उमटलेली होती. तिसऱ्या दिवशी मुलाने स्वतःच येऊन सांगितले, “आजी, लघवी चहासारखी होतेय.” आजी म्हणाल्या, “उन्हाळी लागली असेल रे. नारळपाणी घे, बरे वाटेल.” दोन शहाळी आली, जवाचे पाणी उकळले गेले. चौथ्या रात्री डोके भयंकर दुखू लागले, दोनदा उलटी झाली आणि पहाटे मुलाचे हातपाय ताठ होऊन त्याला झटका आला. रुग्णालयात नेले तेव्हा त्याचा रक्तदाब १६०/११० होता.

आईच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : “पण डॉक्टर, घसा तर केव्हाच बरा झाला होता!”

पावसाळ्यात व त्यानंतरच्या दिवसांत बालरोगतज्ज्ञांना असे चित्र अनेकदा दिसते. कुटुंबे वेगळी असतात, तपशील थोडेफार बदलतात. परंतु आईचे हे वाक्य मात्र बहुधा तेच असते. या आजाराचे सारे स्वरूप त्या एका वाक्यात सामावलेले आहे. घसा बरा होतो आणि त्यानंतर मूत्रपिंडे आजारी पडतात.

संसर्ग संपल्यावर सुरू होणारा आजार

या आजाराला वैद्यकात स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतरचा तीव्र मूत्रपिंडदाह म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस हा माळेसारखा दिसणारा जीवाणू आहे. त्याच्या ‘अ’ गटातील जाती मुलांच्या घशात आणि त्वचेवर संसर्ग करतात. या गटातही अनेक उपप्रकार आहेत आणि त्यांतील मोजकेच मूत्रपिंडाला बाधतात. म्हणूनच वर्गातील दहा मुलांचे घसे दुखले तरी दहाही मुलांना हा आजार होत नाही. साधारण पाच ते बारा वर्षांच्या मुलांत तो सर्वाधिक आढळतो, तीन वर्षांच्या आत क्वचित होतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत सुमारे दुप्पट दिसतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ४,७०,००० जणांना हा आजार होतो आणि त्यांतील सुमारे ५,००० दगावतात. हे रुग्ण बहुतांशी भारतासारख्या विकसनशील देशांतील आहेत.

जीवाणू घशातून मूत्रपिंडात उतरतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे ते गुंते होत. रक्त त्यांतून गाळले जाते; पाणी व टाकाऊ द्रव्ये लघवीवाटे बाहेर पडतात आणि रक्तपेशी व प्रथिने रक्तातच राहतात. घशातील जीवाणूशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते, ती जीवाणूच्या अंशांशी जोडली जातात. त्यांच्या गाठी या गाळण्यांत अडकतात किंवा तेथेच तयार होतात. मग शरीराची संरक्षक यंत्रणा त्या गाठींवर तुटून पडते आणि त्या झटापटीत गाळणी सुजते. सुजलेल्या गाळणीतून पाणी आणि मीठ पुरेसे बाहेर पडत नाही. उलट रक्तपेशी मात्र निसटून लघवीत उतरतात. अंगावर सूज, रक्तदाबात वाढ आणि गडद लघवी या तिन्ही गोष्टींचे मूळ या एकाच बिघाडात आहे.

प्रतिद्रव्ये तयार होण्यास वेळ लागतो, म्हणून मध्ये शांततेचा काळ जातो. घशाच्या संसर्गानंतर हा काळ एक ते तीन आठवड्यांचा असतो, बहुधा दहा दिवसांच्या आसपास. त्वचेवरील पुळ्या किंवा पिकलेल्या खरजेनंतर तो अधिक लांबतो आणि तीन ते सहा आठवड्यांचा होतो. या काळात मूल खेळते, जेवते, शाळेत जाते. पुढे काय होणार याची कोणतीही खूण दिसत नाही. याउलट घसा दुखत असतानाच, पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवी लाल झाली, तर डॉक्टर मूत्रपिंडाच्या दुसऱ्या आजाराचा विचार करतात. म्हणून घसा कोणत्या तारखेला दुखला, हे डॉक्टरांना सांगता येणे निदानाच्या दृष्टीने मोलाचे ठरते.

दोनशे वर्षांपूर्वीची नोंद

हे मधले अंतर वैद्यांच्या लक्षात येऊन दोनशे वर्षे झाली. लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१२ मध्ये स्कार्लेट फीवरनंतर मुलांच्या अंगावर येणाऱ्या सुजेविषयी लिहिले. अंगभर लाल पुरळ आणणारा हा ताप याच जीवाणूमुळे येतो. ताप सुरू झाल्यापासून सुमारे तीन आठवड्यांनी सूज येते आणि लघवीत रक्ताचा अंश असतो, असे त्यांना दिसले होते. तेव्हा जीवाणू हा शब्दही वैद्यकाला ठाऊक नव्हता. पुढे लंडनच्याच गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज, लघवीतील प्रथिन आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांचा संबंध दाखवून दिला. लघवी चमच्यात घेऊन ती मेणबत्तीवर तापवायची आणि ती दुधाळ होऊन साकळली की प्रथिन आहे असे समजायचे, एवढीच त्यांची प्रयोगशाळा होती. मूत्रपिंडाच्या या विकारांना पुढे दीर्घकाळ ‘ब्राइटचा आजार’ हेच नाव राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नातील बालवैद्य बेला शिक यांनी या शांत काळाचा अर्थ लावला. घोड्याचा रक्तद्रव टोचलेल्या मुलांना एक-दोन आठवड्यांनी पुरळ व सूज येते, हे त्यांनी क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्यासह अभ्यासले होते. स्कार्लेट फीवरनंतरचा मूत्रपिंडदाह त्यांना त्याच जातीचा वाटला : बाहेरून आलेल्या द्रव्याला शरीराने उशिरा दिलेले उत्तर. तो तर्क मुळात बरोबर होता.

१९५३ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रेड लेक येथे, तेथील मूळ रहिवाशांच्या वस्तीत, मुलांमध्ये या आजाराची साथ आली. पुष्कळ मुलांच्या अंगावर त्वचेचे फोड होते आणि त्या साथीतून मूत्रपिंडाला बाधणारा जीवाणूचा एक उपप्रकार ओळखला गेला. त्या मुलांना दहा वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा बहुतेकांची मूत्रपिंडे उत्तम स्थितीत आढळली. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावरही १९६० व १९७० च्या दशकांत अशा साथी आल्या आणि त्यांपैकी एक साथ खरजेच्या पाठोपाठ पसरली. या दोन ठिकाणांच्या अनुभवातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. त्वचेकडे केलेले दुर्लक्ष मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकते, ही पहिली. आणि तीव्र अवस्थेचे ते काही दिवस नीट सांभाळले तर मूल बहुधा पूर्ण बरे होते, ही दुसरी.

घरात ओळखायच्या खुणा

पहिली खूण म्हणजे सकाळची सूज. रात्रभर आडवे राहिल्याने साठलेले पाणी चेहऱ्याकडे येते आणि डोळ्यांखाली पिशव्या दिसतात. दिवसभर उभे राहिल्यावर ते पायांकडे उतरते, म्हणून दुपारी चेहरा पूर्ववत दिसतो आणि घरची माणसे निश्चिंत होतात. डोळ्यांना खाज नाही, पाणी येत नाही, तरी सलग दोन सकाळी सूज दिसली, तर ती डोळ्यांची तक्रार समजू नये. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून पाहावा. खड्डा राहिला तर ती पाण्याची सूज होय.

दुसरी खूण लघवीच्या रंगाची. रंग कोऱ्या चहासारखा, कोकाकोलासारखा किंवा मांस धुतल्यावर पाणी दिसावे तसा धुरकट तांबूस असतो. येथे अनेक घरांची दिशाभूल होते. उन्हाळी लागली असता लघवीच्या वेळी जळजळ होते. या आजारात बहुधा जळजळ होत नाही. काविळीतही लघवी गडद होते, परंतु तिचा रंग पिवळाकडे झुकतो आणि डोळे पिवळे दिसतात. शंका आल्यास सकाळची पहिली लघवी स्वच्छ काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात पाहावी आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत साधी तपासणी करावी. ही तपासणी अल्प खर्चाची आहे आणि लघवीतील रक्त व प्रथिन तिच्यात लगेच कळते.

तिसरी खूण लघवीच्या प्रमाणाची. पंचवीस किलो वजनाच्या मुलाला चोवीस तासांत साधारण सहाशे मिलिलिटर किंवा त्याहून अधिक लघवी व्हावी. ती तीनशेच्या खाली गेली, तर ते धोक्याचे आहे. शाळेत जाणारी मुले स्वतःच लघवीला जातात, म्हणून आईला अंदाज येत नाही. अशा वेळी एक मापाचे भांडे ठेवून मोजमाप करावे.

चौथी खूण डोळ्यांना दिसत नाही आणि तीच सर्वांत घातक ठरते. ती म्हणजे रक्तदाब. प्रौढ माणसाचा रक्तदाब १३०/९० असला तर घरचे लोक ‘थोडासा वाढला आहे’ म्हणतात. आठ वर्षांच्या मुलात तोच आकडा गंभीर असतो, कारण त्या वयात शंभर-साठच्या आसपासचा रक्तदाब स्वाभाविक आहे. घरातील आजोबांच्या यंत्राचा मोठा पट्टा मुलाच्या दंडाला लावून मोजलेला आकडा विश्वासार्ह नसतो. मुलांचा पट्टा वेगळा असतो. डोकेदुखी, उलटी, अंधुक दिसणे, सुस्ती, झटका ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे आहेत. आडवे झाल्यावर दम लागणे किंवा खोकला येणे हे फुफ्फुसांत पाणी साठत असल्याचे चिन्ह आहे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये; रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

नारळपाणी, सैंधव आणि पापड

या आजारात घरची माया कधी कधी घातक ठरते, म्हणून आहाराविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

लघवी कमी होते तेव्हा पाणी अधिक पाजले की ती मोकळी होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. उन्हातून आलेल्या निरोगी मुलाच्या बाबतीत ते खरेही आहे. येथे मात्र गाळणीच सुजलेली असते. पाजलेले पाणी बाहेर पडत नाही. ते रक्तात साठून सूज आणि रक्तदाब वाढवते. म्हणून द्रवाचे प्रमाण डॉक्टर मोजून ठरवतात. आदल्या दिवशी जितकी लघवी झाली तितके, आणि श्वास व घामावाटे जाणाऱ्या पाण्यासाठी थोडे अधिक, असा साधारण हिशेब असतो. दूध, ताक, वरणाचे पाणी, सरबत हे सारे त्या हिशेबात धरावयाचे असते.

नारळपाण्याचा धोका दुहेरी आहे. ते पाणी आहेच, शिवाय त्यात पोटॅशियम भरपूर असते. लघवी कमी होत असताना पोटॅशियम रक्तात साठते आणि त्याचे प्रमाण फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. याच कारणाने डॉक्टर सांगेपर्यंत केळी, संत्री-मोसंबीचा रस, टोमॅटो, पालक, खजूर आणि सुका मेवा बाजूला ठेवावा. आजारी मुलाला शक्ती यावी म्हणून बदाम-मनुका देण्याची रीत घरोघरी आहे. या दिवसांत ती थांबवावी.

मिठाचा प्रश्न याहून मोठा आहे. लपलेले मीठ व्यापारी घरांच्या पदार्थांत पुष्कळ असते. पापडात मीठ असते आणि पापडखारही असतो. पापडखारातही सोडियम असते. लोणचे, फरसाण, शेव, मसाल्याचे खाखरे, जिरावण, चटण्या, पाव, बिस्किटे, चीज या सर्वांत ते असते. पानात वरून मीठ वाढले नाही म्हणजे जेवण अळणी झाले, असे नाही. सैंधव मीठ चालते, हा समजही घट्ट आहे. सैंधव उपवासाला चालते, त्यामुळे ते औषधी वाटते. परंतु तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच होय आणि मूत्रपिंडाला दोन्ही मिठे सारखीच. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ तर याहून धोक्याचे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. हृदयविकारामुळे आजोबांना आणलेले ते मीठ नातवाच्या ताटात पडू नये.

अशा वेळी जैन स्वयंपाकघराला एक अनुकूलता आहे. आयंबिलाची ओळी करणाऱ्या घरांत बिनतेलातुपाचे साधे जेवण रांधण्याचा सराव असतो आणि कित्येक जण त्यात मीठही वर्ज्य करतात. रसपरित्यागात दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहा रसांपैकी मीठ सोडण्याचा नियम ज्येष्ठ मंडळी घेतात. अळणी पदार्थाला चव कशी आणावी, हे त्या हातांना ठाऊक असते. लिंबू, जिरे, मिरी, कढीलिंब, थोडी कोथिंबीर यांनी ते साधते. मुलाला तूप-साखर वर्ज्य नाही, हेही येथे ध्यानात ठेवावे. तूपसाखरेचा भात, अळणी फुलके, दुधी किंवा पडवळाची बिनमिठाची भाजी, सफरचंद, साबुदाण्याची मोजून दिलेली खीर असे पदार्थ मूल आवडीने खाते. सारे घर पंधरा दिवस मुलाबरोबर अळणी जेवले तर त्याला आपण शिक्षा भोगतो आहोत असे वाटत नाही.

परंतु पथ्य आणि तप यांची गल्लत होऊ नये. पर्युषणाच्या दिवसांत घरातील मोठ्यांचे पाहून मुलेही उपवासाचा किंवा एकासनाचा हट्ट धरतात आणि त्या हट्टाचे कौतुक होते. ज्या मुलाची मूत्रपिंडे सुजलेली आहेत, ज्याला लघवीचे वा रक्तदाबाचे औषध सुरू आहे, त्याने पाणी व अन्न सोडणे धोक्याचे आहे. पूर्ण बरे झाल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत त्या मुलाने पथ्य पाळावे, उपवास करू नये. चौविहार पाळणाऱ्या घरांनी ही गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावी. रक्तदाबाची बरीच औषधे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात बसवता येतात आणि द्रवाचे मापही दिवसभरात विभागता येते. तीव्र अवस्थेत रात्री औषध देणे आवश्यक असेल, तर ते तसेच दिले पाहिजे.

रुग्णालयातील दिवस

निदानासाठी लघवीची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम, सी-थ्री नावाचे संरक्षक प्रथिन आणि जीवाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये पाहिली जातात. घशाच्या संसर्गानंतर एएसओ ही तपासणी उपयोगी पडते. त्वचेच्या संसर्गानंतर ती साधारण येऊ शकते, तेव्हा अँटी-डीएनेझ बी ही दुसरी तपासणी अधिक विश्वसनीय ठरते. सी-थ्री या आजारात खाली जाते आणि सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते. तसे झाले नाही तर निदानाचा पुनर्विचार करावा लागतो आणि क्वचित मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासावा लागतो.

उपचार साधे असतात : मीठ व पाण्यावर बंधन, लघवी वाढवणारे औषध, रक्तदाबाची औषधे आणि विश्रांती. काही थोड्या मुलांना काही दिवस डायलिसिसची गरज पडते. ती गरज बहुधा तात्पुरती असते. सुजलेले मूल पाहून नातेवाईक ‘आमच्याकडच्या मुलाला स्टेरॉइडने बरे वाटले’ असे सांगतात. तो आजार बहुधा नेफ्रोटिक सिंड्रोम असतो. त्यात लघवीला फेस येतो, प्रथिन मोठ्या प्रमाणात वाहून जाते आणि तो पुन्हा पुन्हा उलटतो. दोन्हींत सूज दिसत असली तरी उपचार वेगळे आहेत. एका घरचे औषध दुसऱ्या घरी देऊ नये.

पेनिसिलिन किंवा तत्सम प्रतिजैविकही दिले जाते. त्याने सुजलेल्या गाळणीत फरक पडत नाही. अंगात उरलेला जीवाणू नष्ट होऊन तो घरातील इतरांना लागू नये, यासाठी ते असते.

पेठेतल्या त्या घरातील आईला हेच समजावून सांगावे लागले. फ्रिजमधील अर्धी बाटली तिला आठवत होती आणि मुलाचा आजार आपल्यामुळेच झाला, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. डॉक्टरांनी तिला सांगितले की औषध पूर्ण दिले असते तरी मूत्रपिंडाचा हा आजार टळला असता, अशी खात्री देता येत नाही. दहा दिवसांचे औषध पूर्ण करण्याची मुख्य कारणे दुसरी आहेत : त्याने हृदयाच्या झडपा बिघडवणारा संधिवाताचा ताप टळतो आणि संसर्ग इतरांत पसरत नाही. तेवढी कारणेही पुरेशी आहेत. यापुढे औषध पूर्ण करावे. मागचा दोष मात्र मनाला लावून घेऊ नये. दोष कोणाचा, या चर्चेत घर गुंतले की मुलाच्या पथ्याकडे दुर्लक्ष होते.

रोजची नोंद, वर्षभराची तपासणी

पाचव्या दिवशी त्या मुलाची लघवी वाढली. तीन दिवसांत वजन अडीच किलोने उतरले आणि ते सारे साठलेले पाणी होते. घरी आल्यावर आजोबांनी नातवाच्या वजनाचे काम स्वतःकडे घेतले. दुकान उघडण्यापूर्वी, रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी, उपाशीपोटी वजन होई आणि एका वहीत तारीख, वजन, लघवीचे माप, पाण्याचे माप आणि रक्तदाब अशी पाच रकान्यांत नोंद होई. दोन दिवसांत वजन एक किलोने वाढले तर ते अन्नाने वाढलेले नसते, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितले होते. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ती वही पाहून औषधाची मात्रा कमी केली.

बरे होण्याचा क्रम ठरलेला आहे. लघवी साधारण आठवड्याभरात वाढते, सूज ओसरते. डोळ्यांना दिसणारा गडद रंग एक-दोन आठवड्यांत जातो. रक्तदाब बहुधा दोन ते चार आठवड्यांत उतरतो. डोळ्यांना न दिसणारे, केवळ सूक्ष्मदर्शकाखाली आढळणारे रक्त मात्र वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लघवीत राहू शकते. एवढ्यावरून घाबरून जाऊ नये, आणि मूल ठणठणीत दिसते म्हणून तपासणीही सोडू नये. सुमारे ९५ टक्के मुले पूर्ण बरी होतात. उरलेली थोडी मुले कोणती, हे ठरल्या वेळी केलेल्या तपासण्यांतूनच कळते. लघवीत प्रथिन टिकून राहिले किंवा रक्तदाब पुन्हा वर गेला, तर मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जावे. हा आजार सहसा पुन्हा होत नाही, म्हणून संधिवाताच्या तापाप्रमाणे वर्षानुवर्षे पेनिसिलिन घेण्याची गरज नसते.

त्वचा, टॉवेल आणि दुकानातील माणसे

घसा दुखला की प्रत्येक वेळी प्रतिजैविक लागत नाही. नाक वाहते, खोकला आहे, आवाज बसला आहे, तर ते बहुधा विषाणूचे काम असते. एकाएकी जोराचा ताप, गिळताना तीव्र वेदना, मानेत दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव असे दिसले, तर डॉक्टरांना घसा दाखवावा आणि दिलेले औषध शेवटच्या दिवसापर्यंत द्यावे.

घशाची काळजी बहुतेक घरे घेतात. त्वचेची फार थोडी. पावसाळ्यात ओले कपडे, डासांचे चावे आणि खाजवलेले ओरखडे यांतून पुळ्या होतात आणि मधाच्या रंगाची खपली धरते. हळद लावून चार दिवस वाट पाहिली जाते. पुळ्या वाढत असतील तर औषध घ्यावे, नखे कापावीत, साबणाने धुऊन त्वचा कोरडी ठेवावी आणि प्रत्येक मुलाचा टॉवेल वेगळा असावा. रात्री वाढणारी खाज आणि बोटांच्या बेचक्यांतील पुरळ ही खरजेची लक्षणे आहेत. खरजेवर एकट्या मुलाला औषध लावून भागत नाही. घरातील सर्वांनी ते एकाच रात्री लावावे आणि कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. वसतिगृहात, शिबिरात किंवा यात्रेतील धर्मशाळेत राहून आलेल्या मुलांची त्वचा घरी आल्यावर पाहावी.

दुकानातील नोकर, हमाल आणि घरकामाच्या बायका यांच्या मुलांना हा धोका अधिक असतो. दाटीवाटीची वस्ती, अपुरे पाणी आणि रोजंदारी बुडेल या भीतीने लांबवलेला दवाखाना, ही त्याची कारणे आहेत. कोणाच्या मुलाचे डोळे सुजले आहेत असे कानावर आले, तर लघवीची एक तपासणी आणि रक्तदाबाची एक नोंद करून देणे दुकानाला जड नाही. त्या मुलाच्या दृष्टीने मात्र त्यावर सारे अवलंबून असू शकते.

पुढच्या श्रावणात त्या नातवाची लघवी पूर्णपणे स्वच्छ आली आणि आजोबांनी वही मिटली. त्याच आठवड्यात धाकट्या नातीचा घसा दुखला. या वेळी औषधाची बाटली संपेपर्यंत दिली गेली, आणि ताप उतरला त्या दिवशी आईने स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर पुढच्या तीन आठवड्यांभोवती पेन्सिलीने रेघ ओढली. त्या दिवसांत रोज सकाळी तिने मुलीचे डोळे पाहिले आणि लघवीचा रंग विचारला. काही झाले नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत काही होत नाहीच. पण प्रत्येक घराने एवढे करावे : घसा बरा झाला की तीन आठवडे आणि त्वचा बरी झाली की सहा आठवडे दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी, आणि तेवढे दिवस सकाळी मुलाच्या चेहऱ्याकडे जरा थांबून पाहावे.